चकल्यांचा सर्व्हर

माझी बायको मेधा सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे संशय घेण्याचाच तिला पगार मिळतो. घरी हे काम ती फुकट करते.

यंदा तिने इथे अमेरिकेत, नोव्हाय गावात पहिल्यांदाच दिवाळीच्या चकल्यांच्या ऑर्डरी घ्यायचं ठरवलं. तिच्या आईने नागपूरहून पाठवलेली भाजणी संपेपर्यंतच! इथल्या फराळावर वर्षानुवर्षं देशपांडेकाकूंचं राज्य, त्यामुळे मेधाची अब्रू पणाला लागली होती.

"सरळ मराठी मंडळाच्या ग्रुपवर घेऊया ऑर्डरी," ती म्हणाली.

"छे! मी साइट करतो. सर्व्हरसुद्धा, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला पान दाखवून ऑर्डर घेणारा प्रोग्रॅम, स्वतः लिहितो, पहिल्या ओळीपासून." (तयार सर्व्हर फुकट मिळतात. पण मग नवऱ्याची हुशारी दिसणार कशी?)

"टेस्ट केलास?"

"केला की! मी पान उघडलं, उघडलं. मी ऑर्डर दिली, आली."

"तू एकट्यानेच?"

"मग काय वरात आणू?"

शनिवारी सकाळी ग्रुपवर लिंक गेली. मी फोनवर पान उघडून खात्री केली, फोन खिशात टाकला आणि ऐटीत चहाला बसलो. चहा संपला, दुसरा झाला, ऑर्डर एकही नाही! ग्रुपवर मात्र बोंबाबोंब: "यार, नुसतं चाक फिरतंय!"

"तुझा सर्व्हर बिघडलाय," मेधा म्हणाली.

"ठणठणीत आहे! कुणीतरी मुद्दाम ब्लॉक करतंय."

आमच्या चकल्यांनी कुणाच्या पोटात दुखणार? मला एकच नाव सुचलं. त्यात देशपांडेकाका रिटायर्ड इंजिनियर, वेळच वेळ! मी तडक काकूंना फोन लावला.

"काकू, स्पष्टच विचारतो. आमची साइट तुम्ही बंद पाडलीत का?"

"अरे गाढवा, माझा उजवा हात प्लॅस्टरमध्ये आहे! यंदा चकल्या तुमच्याकडूनच घेणार होते. मघापासून डाव्या हाताने बटण दाबतेय!"

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. फोन ठेवला, तर स्क्रीनवर चकल्यांचं पान तसंच उघडं. मेधाने ते पाहिलं.

"हे कधीपासून उघडंय?"

"लिंक पाठवली तेव्हापासून."

"आणि तुझा सर्व्हर एका वेळी किती जणांशी बोलतो?"

एकाशीच! ते गिऱ्हाईक जाईपर्यंत बाकीचे दाराबाहेर. आणि दार अडवून बसलेलं ते गिऱ्हाईक म्हणजे मी होतो.

"आत्ता दुरुस्त करतो," मी म्हणालो. "येईल त्याला वेगळा थ्रेड, म्हणजे प्रत्येकाच्या दिमतीला स्वतंत्र माणूस!"

"या वेळी मी टेस्ट करू?"

"अगं, लोक थांबलेत!"

नवा सर्व्हर सुरू केला आणि ऑर्डरींचा पाऊस पडला! थांबेचना! सगळ्यांनी एकदम विचारलं, "चकल्या उरल्यात का?" माझ्या प्रत्येक थ्रेडने त्याच शेवटच्या पाकिटाकडे पाहून सांगितलं, "आहेत, तुमच्याच!" आपसात कुणी कुणाला विचारलंच नाही. भाजणी एक डबा आणि ऑर्डरी अख्ख्या नोव्हायच्या. मेधा डब्यातली भाजणी वाटीने मोजायला लागली, तेव्हा मी खरा घाबरलो.

शेवटी काकूच धावून आल्या. हातामुळे त्यांची भाजणी तशीच पडून होती. अट एकच.

"सोऱ्या हा फिरवणार."

मेधा तळायला, काकू खुर्चीत आणि मी सोऱ्यावर. पाडलेली प्रत्येक चकली मेधा उलटीसुलटी करून बघत होती. "तुटली. फेल. परत पाड."

बाहेर ड्राइव्हवेवर गाड्यांची रांग लागली होती. सोऱ्या एक आणि एका वेळी चकलीही एकच. रांग कुणामुळे तुंबलीय, याबद्दल या वेळी मात्र कुणालाच संशय नव्हता.