कुलसुमबीच्या रानातले दगड

नळदुर्गाबाहेर, किल्ल्याच्या अंगाला, कुलसुमबीचं दीड एकर पडीक रान आहे. माझं शेत त्याच्या बांधाला लागून. विधवा बाई, एक म्हैस, तिच्या दुधावर घर. आणि म्हैस त्या रानातल्या गवतावर.

माणूस मी संशयी, खोटं कशाला बोलू? उन्हाळ्यात सगळे वाळल्या गवताला काडी लावून मोकळे होतात. ही बाई मात्र दाताळ्यानं जुनं गवत ओढत बसे. तेही सगळं नाही, पातळ थर ठेवून. मधेच वाकून बोटानं माती उकरून बघे आणि तिथं दगड ठेवी. विचारलं तर म्हणाली, जुन्या गवताखाली नवा कोंब गुदमरतो आणि जाळलं तर माती भाजते; पातळ थरानं ओल टिकते, ती बोटानं बघायची. दगड कशाला, तर काम कुठवर झालं त्याची खूण.

मला काही पटेना. किल्ल्याशेजारचं रान, रोजचं उकरणं, वर खुणेचे दगड. एवढी मेहनत कुणी गवतासाठी करतं होय? पाणी कुठंतरी मुरत होतं. रानात धन पुरलेलं असणार, असं मी चहावाल्या बब्रुवानच्या कानावर घातलं. त्याला तर पुरावाही लागला नाही.

वैशाखात ती म्हैस भावाच्या दारात बांधून चार दिवस जळकोटला लेकीकडे गेली. आम्ही पाच जण कुदळी घेऊन रानात शिरलो. पहिल्या दगडाखाली मुरूम, दुसऱ्याखालीही मुरूम. लाज वाटायची सोडून चेवच आला आणि अर्धं रान उलटंपालटं केलं. वीतभर माती खाली गेली, मुरूम वर आला. मोहरांचा हंडा सोडाच, साधी खापरी सापडली नाही.

पाऊस झाला. उरलेल्या रानात गवत पोटरीला लागलं. आम्ही खणलं तिथं काडी उगवली नाही. पोळ्याआधी तिनं म्हैस विकली.

नुसतं दावं हातात घेऊन ती माझ्या बांधावर येऊन बसली. मला वाटलं, हिला कळलं.

"रामहरी, कुणी केलं त्ये म्या शोधत न्हाय," ती म्हणाली. "राहिलेलं रान तेवढं सांभाळ बाबा. पुढच्या साली म्हशीची वगार घ्यायचीय. गावात तुझ्याबिगर कुणाचा भरवसा न्हाय मला."

मी व्हय म्हणालो. तेव्हापासून रोज तिचं रान राखतो.

परवा बब्रुवाननं चहाचा कप पुढं सरकवत हळूच विचारलं, "फुकट राखतूस व्हय? खरी जागा सांगितली वाटतं तिनं तुला."

गवत राखतो, म्हणालो. तो नुसता हसला.