बडग्याच्या गाडीवर

देव आहे की नाही, हा प्रश्न मला त्या सकाळी पडला नाही. असलाच तर तो ठार बहिरा आहे, अशी मात्र खात्री झाली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चहा पितापिता ह्यांच्या छातीत कळ आली आणि तोंड पांढरंफटक पडलं. नागपूरच्या इतवारीत आमच्या गल्लीच्या टोकाला ट्रस्टचा जुना दवाखाना आहे, तिथे शेजाऱ्यांनी त्यांना उचलून नेलं. एकेकाळी मोहल्ल्यातली निम्मी लेकरं त्या दवाखान्यात जन्मली. आता वरचा मजला बंद, यंत्रं बिघडलेली आणि एकच म्हातारे डॉक्टर टिकून राहिलेले. त्यांनी ईसीजी काढला, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "हार्ट अटॅक आहे. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात हलवा. इथे माझ्याकडे काहीच नाही."

बाहेर मारबतीची मिरवणूक निघाली होती. त्या दिवशी अख्खं नागपूर आमच्या रस्त्यांवर उतरतं. मारबतीचा पुतळा पुढे आणि मागे बडगे, म्हणजे शहराला छळणाऱ्या गोष्टींची सोंगं. ती सगळी इडापीडा गावाबाहेर नेऊन जाळायची, अशी रीत. ॲम्ब्युलन्स चौकापलीकडे अडकली होती. मुंगीला शिरायला जागा नव्हती.

आमच्या मोहल्ल्यातल्या तरुण पोरापोरींचं एक मंडळ आहे. वर्षभर ते दवाखान्यातल्या गरीब पेशंटांना डबे पोचवतात, कुणाला रक्त लागलं तर धावतात. यंदा त्यांनी बडग्या केला होता तो ह्याच दवाखान्याच्या दुर्दशेचा. हातगाडीवर फाटकी गादी, वर रिकामी सलाईनची बाटली आणि गादीवर कागदाचा रोगी. मंडळ चालवणारी प्रज्ञा धापा टाकत आत आली.

"काकू, बडग्या उतरवला आम्ही. काकाजीले गाडीवर घ्या."

मी किंचाळलेच. "त्या गाडीवर? मारबतीसंग गेलेलं वापस येते काय वं?"

"मंग इथंच ठेवता काय? काहून वेळ घालवून राहिल्या, काकू!" बोलताबोलता ती रडायलाच लागली.

डॉक्टरांनी ऑक्सिजनचा सिलिंडर गाडीवर ठेवला आणि स्वतः चढून बसले. मग मीही ह्यांना उचलायला पुढे झाले.

चौकात पोचलो आणि लोक टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं, हेही सोंगच. कुणी मोबाइलवर फोटो काढले, कुणी म्हणालं, "वा! काय ॲक्टिंग करून राहिला गा!" माझा नवरा मरत होता आणि लोक हसत होते. गाडीवर डॉक्टर कसेबसे उभे राहिले आणि गर्दीपुढे हात जोडून म्हणाले, "पेशंट खरा आहे. रस्ता द्या."

ढोल थांबले. एवढ्या गर्दीचा आवाज असा एकदम बंद होताना मी कधी ऐकला नव्हता. माणसं भिंतींना चिकटली, आमच्यासमोर वाट उघडली. मग मागून एका बाईने आरोळी दिली, "रोगराई घेऊन जा गे मारबत!" आणि सगळा रस्ता ओरडायला लागला. अनोळखी हात गाडीला लागले आणि आम्ही ॲम्ब्युलन्सपर्यंत जणू वाहतच गेलो. ही कृपा कुणाची, ते मी सांगू शकत नाही. मी फक्त ते हात पाहिले.

हे वाचले. बोलायला लागल्यावर हळूच म्हणाले, "मले सगळं आयकू येऊन राहिलं होतं. लोक 'घेऊन जा, घेऊन जा' म्हणत होते. मले वाटलं, मलेच म्हणून राहिले."

मला हसू आलं आणि लगेच रडूही. विचारलं, "मंग?"

"मंग काय वं. म्हटलं, ने गा बाप्पा. कुठी न्याचं थे तूच पाय. अन् भेवच गेला."

मी मात्र वाटभर देवाला हुकूम सोडत होते, वाचव, लवकर ने, इकडून ने. ज्याचा जीव जात होता त्याने काहीच मागितलं नव्हतं. आजही हात जोडले की आधी मागणंच ओठांवर येतं. मग मी थांबते, डोळे मिटते आणि म्हणते, ने बाप्पा, कुठे ते तूच बघ.