बेयाचं मलम आणि आमचे अर्धे चेहरे

बेया खुर्चीवर नीट बसलेली मी कधी पाहिली नाही. काठावर टेकते, चपला पायातच ठेवते, आणि कॉफी निवायच्या आत उठून चालायला लागते. तिचा नवरा कुंभार. त्याची भट्टी पेटली की तो त्या आगीपुढे दोन दिवस मुकाट बसून राही. तेवढ्या वेळात ही आख्खं घर चुन्याने रंगवून काढी. तो गेला. भट्टी विझली, पण बाई काही विझली नाही. ट्यूनिसजवळच्या नाबुल गावात तिच्या शेजारी राहून माझा अर्धा जन्म गेला, म्हणून हे मी खात्रीने सांगते.

आमच्याकडे शेताला कुंपण फड्या निवडुंगाचं. बोंडं सगळे खातात, बिया थुंकतात. बेयाने त्या बिया गोळा करायला सुरुवात केली. मुरंबेवाल्यांकडून पोत्याने आणायच्या, धुवायच्या, गच्चीवर वाळवायच्या, आणि दाबयंत्रात घालून थेंब थेंब तेल काढायचं. ते तेल परदेशी व्यापारी डब्यांनी नेत आणि अंगठ्याएवढ्या बाटलीत घालून विकत. एकदा भाचीने तिला तशी बाटली दाखवली. बेयाने ती उलटसुलट केली आणि म्हणाली, "कुंपण माझं, बिया माझ्या, कंबर माझी मोडली, आणि नाव या कुठल्या गावाचं?"

तिथून पुढे तिने स्वतःचं मलम बनवलं. चांगलं होतं, मऊ, चिकट नाही. पण तिला डबीवर एक ओळ हवी होती : सुरकुत्या कमी करतं. त्या ओळीशिवाय मलम म्हणजे नुसतं मलम, ते काय कोणीही विकतं. ट्यूनिसमधले मोठे दुकानदार सी मुराद (आमच्याकडे आदराने पुरुषाला 'सी' म्हणतात, बाईला 'लल्ला') तिला म्हणाले, "तपासणीचा कागद आणा, उन्हाळ्याआधी आणा. नाहीतर दुकानातल्या त्या फळीवर दुसऱ्याची डबी बसेल." झालं. बेयाची झोप उडाली.

तपासणीसाठी ट्यूनिसहून डॉक्टर इन्साफ आली. तिशीची, हुशार, आणि हनुवटीवर पुटकुळ्या. आमच्या बायका थोड्याच गप्प बसणार? बेयाची नणंद मन्नूबिया पहिल्याच दिवशी म्हणाली, "आधी स्वतःच्या तोंडाचं बघ गं पोरी, मग आमच्या म्हातारपणाला हात घाल." इन्साफ हसली. "माझ्या तोंडाची तपासणी माझी आई रोज करते, लल्ला मन्नूबिया. तुम्ही पाठ दाखवा."

कारण पहिला सवाल होता, मलम बाधतं का? वीसेक बायकांच्या पाठीवर मलमाच्या छोट्या पट्ट्या चिकटवल्या. बेयाला स्वतःची पाठ द्यायची होती. इन्साफने साफ नाही म्हटलं. बनवणारीची पाठ धरत नाहीत. बाई चिडून बाहेर येरझारा घालत राहिली. पट्ट्या निघाल्या तेव्हा कुणाला लाली नाही, पुरळ नाही. मलम निर्धोक ठरलं. बेया म्हणाली, "ते मला ठाऊकच होतं. पुढचं बोला."

पुढचं म्हणजे अर्धा चेहरा. प्रत्येकीला दोन डब्या मिळाल्या, पांढऱ्या झाकणाची उजव्या गालासाठी, निळ्या झाकणाची डाव्या. एकीत बेयाच्या तेलाचं मलम, दुसरीत तेच मलम, फक्त बिनतेलाचं. रंग तोच, वास तोच. कुठल्या बाईच्या कुठल्या डबीत काय, हे इन्साफच्या कॉम्प्युटरला माहीत. दोन महिने लावायचं, आणि तोंडाला दुसरं काही म्हणजे काहीच लावायचं नाही. इन्साफने विचारलंही, "या दोन महिन्यांत गावात काही विशेष? लग्नकार्य, सण?" सगळ्यांनी माना हलवल्या. विशेष कसलं? वसंतात जे होतं तेच.

मी त्या विसांत होते. मुलींच्या शाळेत निसर्गशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, म्हणून अर्धा चेहरा का, हे बायकांना समजावण्याचं काम माझ्याकडे आलं. "बाई तीच, ऊन तेच, रडणं-हसणं तेच. मग दोन गालांत फरक पडला तर तो कशाने?" "ज्या कुशीवर झोपतो तिने," मन्नूबिया म्हणाली. मी तिला गप्प केलं, पण मुद्दा वाईट नव्हता.

ते दोन महिने बेयाने आम्हाला छळलं. पावाच्या भट्टीसमोर रांगेत उभं असताना हनुवटी धरून मान उजेडाकडे वळवायची. हमाममध्ये वाफेतसुद्धा नाकाला नाक लावून बघायची. "डावा तुकतुकीत दिसतोय. का उजवा? हास बघू. आता रागाव." एका मयताच्या घरी तिने मन्नूबियाचा चेहरा असाच खिडकीकडे फिरवला. मन्नूबिया दात-ओठ खात कुजबुजली, "सोड, मेले! इथे माणूस गेलंय!" बेया म्हणाली, "गेलेला परत येत नाही. कागद यायचाय."

मग इन्साफ यंत्रं घेऊन आली. एक गालाला चिकटून कातडी हलकेच ओढून सोडतं आणि ती किती पटकन जागेवर येते ते मोजतं; दुसरं ओलावा मोजतं. शिवाय फोटो. दिवसभर मोजणी चालली. बेया दाराशी उभी, मधूनच आत डोकावायची. संध्याकाळी इन्साफने तिला आणि मला बसवलं. मी बसले.

"गाल सुधारलेत," ती म्हणाली.

"देवाची कृपा!" बेया म्हणाली.

"दोन्ही. सारखेच. तेलाचा जेवढा, तेवढाच बिनतेलाचा. मग तेलाने काय केलं, हे मी कसं लिहू?"

बेयाचा चेहरा राखेसारखा झाला. ती म्हणाली, "यंत्र बिघडलंय." इन्साफने दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. तेच. तिलाही चैन पडेना. बिनतेलाच्या मलमाने एवढा फरक पडायला नको होता. ती प्रत्येकीला खोदून विचारायला लागली : साबण? काजळ? मध? ऑलिव्ह? बायका शपथा घेऊन नाही म्हणत होत्या, आणि त्या खोटं बोलत नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी मन्नूबियाने आम्हाला कॉफीला बोलावलं. अंगणात फुलं उकळून फुलपाणी काढायचं तांब्याचं ऊर्ध्वपातनाचं भांडं होतं, कडू नारिंगीच्या फुलांचा हंगाम नुकताच संपत आलेला. तिने कपात फुलपाण्याचे चार थेंब टाकले, हातातली बाटली तशीच तळव्यावर उपडी केली, आणि दोन्ही गाल, कपाळ, मान मस्त पुसून काढली. बोलत होती अखंड : "कुराणाची शपथ, डॉक्टर, तुझ्या त्या डब्यांशिवाय माझ्या तोंडाला बोट लागलेलं नाही..."

इन्साफने कप खाली ठेवला. "हे आता काय लावलंत?"

"कुठे काय?"

"तोंडाला."

"काही नाही गं. फुलपाणी."

"रोज लावता?"

"लावायचं काय त्यात? दिवसभर या भांड्यापुढे बसायचं, ताजं पाणी हाताशी, उकडलं की पुसायचं. तू पाणी पिताना पाणी लावलं म्हणतेस का?"

आता हे ट्यूनिसच्या पोरीला कुणी सांगायचं? नाबुलमध्ये फुलपाणी हे काही लावण्यात धरत नाहीत. पोराला ताप आला की तेच, मिठाईत तेच, नवरीच्या हातावर तेच. एकूण एक बायका सकाळ-संध्याकाळ दोन्ही गाल भिजवत होत्या आणि त्यावर मलम चोपडत होत्या. ओल्या कातडीवर कुठलंही मलम ओलावा धरून ठेवतं, बारीक रेषा भरून येतात. इन्साफने कपाळाला हात लावला.

बेया एकदम माझ्याकडे वळली. "तू! तुला त्या वासाने शिंका येतात. तू लावत नाहीस!"

खरं होतं. माझी मोजणी काढून पाहिली. माझा तेलाचा गाल दुसऱ्यापेक्षा चांगला निघाला, बऱ्यापैकी चांगला. बेयाने माझे दोन्ही खांदे धरले. "हा बघ पुरावा! हा गाल! डॉक्टर, हाच लिहा."

"एका गालावर नाही लिहिता येत."

"शादलिया, तू सांग तिला. शास्त्र शिकवलंस ना?"

म्हणून तर सांगितलं. "बेया, मी डाव्या कुशीवर झोपते की उजव्या, तुला माहिती आहे का? एक म्हातारी म्हणजे तपासणी नव्हे. ती ओळ खोटी होईल."

"खोटी कशी? तुझा गाल खोटा आहे?"

"माझा गाल खरा आहे. बाकीच्यांचं काय, ते कुणालाच माहीत नाही. तुलाही नाही."

तिने माझ्याकडे पाठ फिरवली. अंगणात चकरा मारत राहिली, भांड्याला एकदा पायही मारला. मग पिशवीतून फोन काढला आणि आमच्यासमोरच सी मुरादना लावला. त्यांचा आवाज एवढा मोठा की आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"मलम बाधत नाही, त्याचा कागद आहे," बेया म्हणाली. "सुरकुत्यांचा नाही."

"अहो, डबीवर छापा ना. कोण बघतंय? सगळे छापतात."

बेयाच्या चकरा थांबल्या. मी तिला ओळखते. एका जागी उभं राहणं तिला जड जातं. 

"आजपर्यंत माझं तेल घेऊन दुसऱ्यांनी बाटलीवर वाटेल ते छापलं," ती शेवटी म्हणाली. "आता डबीवर माझं नाव आहे. नुसतं मलम म्हणून घेता का?"

"नुसतं मलम माझ्याकडे ढीगभर आहे."

"मग द्या दुसऱ्याला फळी." आणि फोन बंद.

 बेयाने डोळे पुसले, ते घाम पुसल्यासारखे. मग इन्साफवर खेकसली, "पुन्हा करायचं. कधी येतेस?"

"फुलं नसताना."

"मे महिन्यात जिरेनियमचं पाणी काढतो," मन्नूबिया म्हणाली.

"त्यानंतर?"

"टोमॅटो वाळवतो. मग हरिसा चटणीच्या मिरच्या, तेव्हा तोंडाला हात लावलास तर बोंबलशील. मग ऑलिव्ह. तेलाचे हात पुसायचे कुठे, तोंडालाच ना?"

इन्साफ हसायला लागली, बेया नाही. ती बोटांवर महिने मोजत होती. "ऑलिव्ह संपलं की," ती म्हणाली. "जानेवारीत. आणि या वेळी रोज संध्याकाळी मी स्वतः घरोघर जाऊन बाटल्यांना कुलूप लावणार."

"आठ महिने आहेत अजून," मी म्हटलं. "तोवर जरा बस."

ती टेकली, खुर्चीच्या काठावर. मन्नूबियाने तिच्यासाठी कॉफी ओतली. ती ओतून होईपर्यंत बेया दारात पोचली होती. मुरंबेवाल्याकडे यंदाच्या बियांचं बोलून ठेवायला हवं म्हणाली, नाहीतर परदेशी लोक आधी उचलतील.