बांधाला तोंड

दाभोसा गावचा लाडक्या हा वर्षातले आठ महिने समुद्रात राहतो. दस्तूर साहेबांच्या शिडाच्या बोटीवर खलाशी तोच, मिस्त्रीही तोच. गोव्याहून कोचीला जाईपर्यंत बोट नुसती मोडत असते. आज शीड फाटलं, उद्या सुकाण अडकलं, परवा पंप बसला. "त्या मेलीला एक दिवस धड राहवत नाही," असं तो चिडून म्हणतो.

पहिल्याच वर्षी बोटीच्या तळाशी घोटाभर पाणी साचलं होतं. पंप बिघडलेला, त्याची नळी लाडक्याने दुरुस्तीला काढून ठेवलेली. साहेब वर सुकाणावर होते. लाडक्याने भाताच्या खाचरात करतात तेच केलं. पाणी तुंबलं की खालच्या अंगाला वाट करून द्यायची! नळीखालचा, थेट समुद्रात उघडणारा व्हॉल्व्ह त्याने पूर्ण उघडला, आणि समुद्र आत आला. पाण्याखाली हात घालून व्हॉल्व्ह परत बंद करेपर्यंत पाणी कमरेला लागलं होतं.

तेव्हापासून तो दिवसातून दहादा तळ चाचपतो.

यंदा भातलावणीला तो घरी आला. खाचर तुडुंब भरलं, नुकतं लावलेलं रोप बुडायला आलं.

"बांध फोड नं, बघत काय उभा?" बायको, माघी, ओरडली.

लाडक्याने फावडं उचललं आणि तसाच थांबला. बांधापलीकडे खालचं शेत त्याला स्वच्छ दिसत होतं. तरी त्याने विचारलं,

"माघे, पाणी बाहेरच जाईल ना?"