आईंनी घेतलेला डाव

भात पिकायला आलं की आमच्या पळसदरीत दुपार लांबते. उन्हं शेतावर पसरून राहतात, धरणाकडून अधूनमधून वारा येतो, घाटाकडे निघालेली मालगाडी एक शिट्टी देते आणि मग बराच वेळ काहीच होत नाही. त्या वर्षी अशा दुपारी मी पडवीलगतच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसून शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करत असे. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, कोण कोणास म्हणाले. बाहेर झोपाळ्यावर माझे सासरे बसलेले असायचे. झोपाळ्याच्या कड्या कुरकुरत, माझी बोटं चालत, आणि उघड्या डोळ्यांनी डुलकी लागावी तसा वेळ जाई.

ऊन उतरलं की मी कॉम्प्युटर बंद करायला जायचे आणि तिथं माझी डुलकी मोडायची. पडद्यावर एक ओळ येई. माझं सगळं काम मराठीतलं, म्हणून कॉम्प्युटरही मी मराठीत करून घेतला होता, त्यामुळे ओळही मराठीतच यायची. ‘हा संगणक अजून कोणीतरी वापरत आहे. आता बंद केल्यास त्यांचे जतन न केलेले काम नष्ट होऊ शकते.’ खाली दोन बटणं. ‘तरीही बंद करा’ आणि ‘रद्द करा’.

खोलीत तर मी एकटी असायचे.

मी तापट आहे, हे आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक आहे. मिक्सर अडला तर मी त्याला दोन थपडा घालते आणि बहुतेक वेळा तो ऐकतो. पण ही ओळ काही मला चिडू देईना. आत माणूस आहे, जरा थांब, असं कुणीतरी हलक्या आवाजात सांगावं तसा तिचा सूर होता. मी ‘रद्द करा’ दाबायचे, नुसता पडदा मालवायचे आणि दोन कप चहा ठेवायला जायचे. चहा उकळेपर्यंत ती ओळ डोक्यात फिरत राही. अजून कोणीतरी वापरत आहे. मागल्या दारची पायवाट, दगडी डोणीतलं पाणी, दोरीवर विसरलेलं लुगडं, सगळ्याकडे बघून मला तसंच वाटायला लागलं.

ते लुगडं सासूबाईंचं होतं. नवरात्रात त्यांना झटका आला, उजवा हात गेला आणि वाचा बसली. पनवेलच्या दवाखान्यातून त्यांना खोपोलीला माझ्या नणंदेकडे नेलं होतं, कारण तिथं हाताचे व्यायाम घ्यायला एक बाई घरी येत असे आणि आमच्या घराच्या पायऱ्या उंच. माझा नवरा कामावरून परस्पर तिकडे जाऊन रात्रीचं घर गाठायचा. डॉक्टर म्हणाले होते, चालतील थोडंफार, पण पहिल्यासारख्या किती होतील ते आता सांगता येत नाही. सासऱ्यांनी हे ऐकून घेतलं, घरी आले आणि झोपाळ्यावर बसले. त्यानंतर त्यांनी त्या बाबतीत कुणाला काही विचारलं नाही.

सासूबाईंना आम्ही आई म्हणतो, आणि आई म्हणजे आमच्या घराचा आवाज. त्या कुणाशी नाही तर कोंबड्यांशी बोलत, कोंबड्या झाकल्यावर भांड्यांशी. तो आवाज गेल्यावर घर केवढं आहे ते मला पहिल्यांदा कळलं. त्या ओळीचा मी पिच्छा पुरवला तो बहुधा यामुळेच. आईंच्या हाताचं मला काही करता येत नव्हतं. कॉम्प्युटरचं करता आलं असतं.

म्हणून मी सगळं करून पाहिलं. प्रिंटरची वायर काढली. व्हायरस शोधणारा प्रोग्राम अख्खी दुपार चालवला, त्याला काही सापडलं नाही. कशेळ्याची माझी बहीण म्हणाली, बाहेरून कुणीतरी शिरलंय, आधी कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लाव. मी लावली. इंटरनेटची वायर उपटली. तरी ऊन उतरलं की तो कोणीतरी आपला आतच. कॉम्प्युटर घेतला तेव्हा नवऱ्यानं त्यात दोन खाती केली होती, एक माझ्या कामाचं आणि दुसरं ‘घर’ नावाचं, आई आणि सासऱ्यांना पत्ते खेळायला. पण आई दवाखान्यात गेल्यापासून ते कुणी उघडलं नसणार असं मी धरून चालले होते. पत्ते खेळायला मन कुणाचं होतं?

शेवटी कर्जतच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्यानं माझं सगळं ऐकूनही घेतलं नाही. म्हणाला, असले मेसेज येतच असतात ताई, लक्ष देऊ नका, पुढचं बटण दाबून धरा, झक मारत बंद होईल. मला ते पटलं. एवढे दिवस आपण उगाच लाड केले असं म्हणत मी खाली वाकले आणि डब्याच्या बटणावर बोट ठेवलं. बाहेर झोपाळ्याच्या कड्या एकदम थांबल्या.

“थांब गं पोरी,” सासरे दारात उभे होते. “आत तुझ्या सासूचा डाव हाय.”

मी बोट काढलं. ते आत आले, माझ्या खुर्चीत बसले आणि सावकाश, एकेका बोटानं, ‘घर’ उघडलं. हिरव्या कापडावर पत्ते मांडलेले होते. एकट्यानं रांगा लावत खेळायचा तो खेळ. काही रांगा उतरलेल्या, काही पालथ्या, वरच्या कोपऱ्यात एक बदामचा एक्का. नवरात्रापासून तो डाव तिथं तसाच होता.

हे कळायला माझ्या सासऱ्यांची एक सवय सांगायला हवी. ते साजगावच्या एका कारखान्यात पाळीवर मशीन चालवायचे. तिथली रीत अशी, की पाळी संपली म्हणून माणसानं मशीन सोडायचं नाही. पुढच्या पाळीचा माणूस येतो, मशीनवर हात ठेवतो, ‘घेतली’ म्हणतो, मग आधीचा आपला हात काढतो. एकदा पुराच्या पाण्यानं पुढचा माणूस आलाच नाही, तर हे तसेच दुसरी पाळी उभे राहिले, आणि सकाळी घरी येऊन काही विशेष झाल्यासारखं बोललेही नाहीत. नोकरी संपली, पण रीत घरात राहिली. उतू जाणाऱ्या दुधापाशी उभं राहायचं असो की रडतं पोर मांडीवर घ्यायचं असो, आमच्याकडे दुसऱ्यानं ‘घेतली’ म्हटल्याशिवाय पहिला हलत नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला याचं हसू यायचं. आता मीही म्हणते.

पत्तेही दोघं असेच खेळत. सासरे म्हणजे विचार करणारे. डाव अडला तरी जेवणाची हाक येईपर्यंत पडद्याकडे बघत बसतील, निघेल निघेल म्हणत. कंटाळून उठले की आई बसायच्या, माउसवर हात ठेवायच्या, ‘घेतली’ म्हणायच्या आणि भांडी घासावीत तशा झपाट्यानं खेळायच्या. अडला की लगेच मोडून नवा. सासरे मागून कळवळत, अगं निघाला असता तो. यावर आई घशातून एक ‘हुं’ काढत, आणि त्या ‘हुं’मध्ये त्यांचं सगळ्या संसाराबद्दलचं मत असे.

झटका आला त्या सकाळीही आई अशाच बसल्या होत्या. ‘घेतली’ म्हणाल्या आणि पडद्यावरचा बाण हललाच नाही. सासरे मागे उभे होते. त्यांना वाटलं, जन्मात पहिल्यांदा बाई विचार करतेय, आणि त्यांना तिचं कौतुक वाटलं. मग आई खुर्चीतून एका बाजूला झुकल्या.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मला सांगताना ते पडद्याकडेच बघत होते. रोज सकाळी मी मागे कपडे धूत असताना ते ‘घर’ उघडत, डाव जागेवर आहे एवढं बघत आणि माझं खातं पुढं आणून ठेवत. पत्त्याला हात लावत नसत. मी विचारलं, तुम्ही का नाही खेळून टाकलात? डोळ्यांसमोर चौकटची राणी दिसत होती, ती उचलून ठेवण्यासारखी होती.

“तिची पाळी हाय,” ते म्हणाले. “तिनं घेतली, अजून दिली नाय.”

मला तिथंच रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

त्या दिवसापासून माझं काम उलटं झालं. आतापर्यंत बंद होत नाही म्हणून झटत होते, आता बंद होऊ नये म्हणून झटू लागले. कॉम्प्युटर स्वतःहून बंद होऊन चालू होण्याची परवानगी मागायचा, ती मी पुढं पुढं ढकलत राहिले. लाइट जायची भीती सगळ्यात मोठी, नवरात्रापासून ती फार वेळ गेली नव्हती हे नशीबच. आमच्याकडे आभाळ जरा काळं झालं तरी लाइट जाते, आणि कॉम्प्युटरखालची बॅटरी चहा होईपर्यंतसुद्धा टिकत नाही. सासऱ्यांनी वायरमनला बोलावून आपल्या खोलीतल्या पंख्याचं इन्व्हर्टरचं कनेक्शन काढलं आणि कॉम्प्युटरला दिलं. नवऱ्यानं कारण विचारलं तर म्हणाले, मला पंखा सोसत नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात घामाघूम होऊन झोपाळ्यावर बसायचे आणि लाइट गेली की आतल्या घरघरीला कान द्यायचे. ती घरघर मलाही ऐकू यायला लागली. दुपारी टाइप करता करता मान खाली जाई आणि वाटे, या माझ्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीमागे, एका हिरव्या शेतात, आई अजून खुर्चीवर बसून आहेत.

भाताची झोडणी उरकल्यावर आईंना घरी आणलं. खुर्चीत बसवून चौघांनी पायऱ्या चढवलं. उजवा पाय ओढत त्या घरात चालू लागल्या, डाव्या हातानं जेवू लागल्या, पण बोलणं नाही. नजर असायची, ती कुठं लागत नव्हती. कोंबड्या पायात आल्या तरी त्यांच्याकडे बघत नव्हत्या. मला वाटलं होतं सासरे त्यांना आल्या आल्या डाव दाखवतील. त्यांनी दाखवला नाही. झोपाळ्यावर शेजारी बसवून शेतातलं सांगत राहायचे, आत खोलीत मात्र नेत नव्हते. ते घाबरलेत, हे मला उमगलं. एवढे दिवस राखलेला डाव आईंपुढं ठेवायचा, आणि त्यांनी तो ओळखलाच नाही तर? मग डॉक्टरांनी न दिलेलं उत्तर पडद्यावर मिळणार होतं. मीही गप्प बसले, कारण मलाही तीच भीती होती.

एका दुपारी आईच उठल्या. मी टाइप करत होते. भिंतीला धरून त्या खोलीत आल्या आणि माझ्या खुर्चीपाशी येऊन उभ्या राहिल्या, एखाद्यानं बाकावरची जागा मागावी तशा. मी उठले. मागे सासरे आलेले होते. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी नुसती मान हलवली. मी ‘घर’ उघडलं.

आई बसल्या. हिरव्या कापडाचा उजेड त्यांच्या तोंडावर पडला. बराच वेळ त्या बघत राहिल्या. बाहेर मालगाडीनं शिट्टी दिली, तिचे डबे संपेपर्यंत खोलीत कुणी हललं नाही. मग त्यांचा डावा हात माउसवर गेला. बाण थरथरत निघाला, चौकटच्या राणीवरून गेला, एक्क्यावरून गेला, आणि वर जाऊन ‘नवा डाव’वर थांबला. कॉम्प्युटरनं विचारलं, चालू डाव मोडायचा का? आईंनी क्षणभरही न थांबता ‘होय’ दाबलं.

पत्ते खळखळ खाली पडले आणि नवे आले. उकाडा सोसून, पंखा सोडून, रोज सकाळी बघून राखलेलं ते सगळं एका बोटासरशी गेलं. मी सासऱ्यांकडे बघायला वळले.

“अगं, निघाला असता तो,” सासरे म्हणाले.

“हुं,” आईंनी घशातून काढलं.

सासऱ्यांनी खांद्यावरचा पंचा तोंडाला लावला आणि ते रडले, लहान मुलासारखे मोकळे. आईंनी मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. त्या खेळत होत्या. डावा हात चुकत होता, पत्ता भलत्याच रांगेत जाऊन परत येत होता, त्यावर त्या स्वतःशीच फुरफुरत होत्या. शेवटी हात दमला. तो त्यांनी माउसवरून काढला नाही, तसाच ठेवून सासऱ्यांकडे बघितलं आणि वाट पाहिली.

सासरे पुढं झाले. त्यांनी आपला हात त्या हातावर ठेवला.

“घेतली,” ते म्हणाले, आणि मग आईंनी हात काढला.

ऊन उतरल्यावर मी माझ्या कामाचं उरलेलं टाइप केलं आणि कॉम्प्युटर बंद करायला गेले. ती ओळ आली. अजून कोणीतरी वापरत आहे. मी ‘रद्द करा’ दाबलं, पडदा मालवला आणि तीन कप चहा ठेवला.