बोंबलाचा ब

नवरा गेला, त्यालाही हे ठाऊक नव्हतं. लेकी-नातवंडांना तर नाहीच. तुला सांगते — का, ते विचारू नकोस.

स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली असतील. तेव्हाची मी म्हणजे काय ध्यान! पार्ल्याची, बालशिक्षणाचा कोर्स केलेली, कडक इस्त्रीचं पातळ — आणि चेहरा असा, की माझ्यावाचून जगातली सगळी पोरं निरक्षर राहणार. एका समितीने मला खाडीपलीकडे, मढच्या कोळीवाड्यातल्या बालवाडीत पाठवलं. तिथली शिक्षिका चंपा, जेमतेम चौथी शिकलेली कोळीण. अक्षरं कशी शिकवायची, हे मी तिला दाखवायचं होतं.

होडीतून मी माझी पेटी नेली. पुठ्ठ्यावर चिकटवलेली खरखरीत काचकागदाची अक्षरं. मुलांनी त्यांवरून बोट फिरवायचं. पण त्यांचे हात ओले, चिकट — मी झटकन पेटी मिटली.

"बाई, पेटी काय नुसती बघायला हाय?" चंपा म्हणाली. पोरं खिदळली.

मग ती त्यांना ओल्या वाळूत घेऊन गेली. बोंबलाचा ब, सुरमईचा स — हातभर लांब, बोटाने. काही महिन्यांत ती चिमुरडी होड्यांवरची नावं वाचायला लागली. आणि माझ्या पार्ल्याच्या वर्गात? पुठ्ठे तेवढे स्वच्छ होते.

मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? मी जळले गं. पार करपले.

समितीने विचारलं, चंपाला कायम करायचं का? मी — खूप विचार केल्यासारखं दाखवून — म्हणाले, "मुलं रमतात हो तिच्याकडे. पण अक्षरांच्या नावाने शून्य. आणि उच्चार तर..." पुढचं बोललेच नाही. गरजच पडली नाही. चंपाला काढलं. ती पुन्हा मासळीची टोपली घेऊन बसली.

एवढंच असतं तर — पण नाही. पुढे पार्ल्यात मी बालवाडीच्या शिक्षिकांना शिकवलं काय? वाळूतली अक्षरं! बोंबलाच्या जागी बटाटा घातला, बस्स. "कसं सुचलं हो तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "सुचलं आपलं," म्हणाले मी. वर लाजले!

एकदा अंधेरीच्या बाजारात चंपाने मला हाक मारली. म्हणाली, "बाई, माझं काय चुकलं, ते कोणी सांगितलंच नाय. तुम्हाला ठाऊक हाय?"

मी म्हणाले, "नाही गं. मी तर तुझ्या बाजूने बोलले होते."

तिने माझा हात धरला आणि माझे आभार मानले.