बेहड्याच्या ढोलीतली बाळंतीण

धामापूरच्या तळ्यावर पाखरं बघायला कुणी आलं की भगवतीच्या देवळाकडची माणसं त्याला आमच्या घराची वाट दाखवतात. "बाबल्याक गाठा," म्हणतात. बाबल्या म्हणजे माझे धाकटे दीर. कागदावर त्यांचं नाव विश्राम आहे, पण त्या नावाने कुणी हाक मारली तर ते स्वतःच मागे वळून बघतील, हा विश्राम कोण म्हणून.

गेल्या थंडीत मालवणच्या एका शाळेतले ड्रॉइंगमास्तर गळ्यात दुर्बीण अडकवून आले. भावजींनी त्यांना आधी चहा पाजला, मग सांगायला लागले. "हळदीकुंकवाची बदकां बघूची तर सकाळी देवळाच्या पायऱ्यांवर बसा, आणि हलू नका. कमळाच्या पानांवरसून चलणारा पाखरू पलीकडच्या काठाक. पांढऱ्या पोटाची मोठी घार हय गावची नाय, तिच्यासाठी तारकर्लेक जावा, खाडीच्या तोंडाक. आणि आमचो गरुड..." इथे त्यांनी कप खाली ठेवला. "गरुड तुमका मी स्वतः दाखयतंय. एकटे जाव नका. ढोलीकडे कोण उभो रवलो तर तो घास घेऊन येणा नाय."

आम्ही गरुड म्हणतो तो पुस्तकातला धनेश. काळा-पांढरा, आणि पिवळट चोचीवर आणखी एक चोच उपडी घातल्यासारखा. उडाला की पंखांचा असा फसफस आवाज होतो की खालून जाणारा माणूस मान वर करतोच.

मास्तरांनी विचारलं, "तुम्हाला हा नाद लागला कसा?"

"वयनीक इचारा," म्हणून भावजी गुरांना पाणी दाखवायला निघून गेले. मास्तरांना मी थोडक्यात सांगितलं. इथे सगळं लिहिते. माझ्यावर ज्यांचे उपकार आहेत त्यांचं कुठेतरी लिहून ठेवावं, एवढंच मनात आहे.

माझं लग्न झालं ते साल सत्तावन्न. मी मालवणातून लग्न होऊन इथे आले तेव्हा मराठी सातवी झालेली सून म्हणून माझं कौतुक झालं होतं. पण पुढच्या चार वर्षांत माझी दोन बाळंतपणं वाया गेली. पहिलं सातव्या महिन्यात गेलं. दुसऱ्या वेळी मी दोन दिवस अडले आणि मुलगा जन्मला तो रडलाच नाही. तिसऱ्या वेळी दिवस भरत आले तशी आयेची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, झोप उडाली. आमचे हे कणकवलीला एस.टी.त कंडक्टर, आठवड्याने घरी येणार. घरात आये, भावजी आणि मी.

आमच्याकडच्या जुन्या बायकांची एक समजूत होती. अडणाऱ्या बाईला गरुडाच्या मांसाचा रसा पाजला की ती लवकर सुटते. भावजींकडे रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक होती. आयेने त्यांना गरुड आणायला सांगितलं.

मी म्हटलं, "आये, गरुड विष्णूचा वाहन मां?"

"विष्णूचो गरुड वैकुंठात आसा. हो आमच्या काजीतलो," आये म्हणाली. "तू गप रव आणि पेज खा."

वैशाख लागला होता. एका सकाळी भावजी गरुड घेऊन आले. आये मागीलदारी सूप घेऊन साफ करायला बसली. तिने गळा कापला तशी आतून फळं पडायला लागली. वडाची पिकलेली, लालभडक, एकेक सबंध. चोचीचा डागसुद्धा नाही. मूठभर पडली, मग आणखी मूठभर.

"खादाडच होतो मेलो," आये म्हणाली.

भावजी पायरीवर बसून बंदूक पुसत होते. त्यांचा हात थांबला. "खादाड नाय गो आये. हो नेत होतो."

"खंय?"

"घराक."

मग सगळ्यांच्या लक्षात आलं. गरुडाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार लिंपून आत बसते. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. आत तिची पिसं गळतात, उडता येत नाही. अंडी फुटून पिल्लं मोठी होईपर्यंत नर बाहेरून तिला भरवतो. हे भावजींना ठाऊक होतं, आयेला ठाऊक होतं, गावातल्या पोरांनाही ठाऊक होतं. माझ्या काळजीपुढे ते कुणाला आठवलं नाही, इतकंच.

"ढोली खंय आसा?" मी विचारलं.

"राईतल्या बेहड्यात," भावजी खाली बघून म्हणाले.

माझ्या पोटात बाळ फिरलं. मला वाटलं, एका बाळंतिणीसाठी दुसरीचा घास तोडला. ती तिथे कोंडून उपाशी मेली तर मी कुठल्या तोंडाने देवीकडे माझं बाळ मागू? मी आयेला म्हटलं, "हो रसो मी पिवचंय नाय."

"पिवचंस नाय तर परत दोन दिस अडतलंस!" आये ओरडली, आणि ओरडता ओरडता तिचे डोळे भरले. ती वाईट बाई नव्हती. माझ्या मेलेल्या मुलाला तिनेच अंघोळ घातली होती.

भावजी म्हणाले, "मगे काय करूया, वयनी? गोळी बोलावलंय म्हणून मागे येता?"

"तिका जेवक घाला."

"मी?"

"तिच्या घोवाक कोणी मारल्यान?"

ते पुन्हा बंदूक पुसायला लागले. आयेच बोलली, "घाला, घाला! आता पाखरांची बाळंतपणां काढा! सुईणीक सांगा, ढोलीत पाळणो बांधूक ये म्हणान."

पण त्या दिवशी ते मांस चुलीवर चढलं नाही. भावजींनी ते परसात पुरलं. चोच तेवढी ठेवली आणि पडवीत खुंटीला अडकवली. शिकारी माणसं तशी ठेवतात. त्यांना ती मिरवायची होती, खोटं कशाला सांगू.

दुपारी ते शिडी आणि बांबू घेऊन राईत गेले. बांबूचं टोक चिरून त्यात वडाचं फळ धरायचं आणि फटीशी न्यायचं, असा त्यांचा बेत. संध्याकाळी परत आले ते हात हलवत. "घेवक नाय. बांबू बघल्यान काय आत सरता." दुसऱ्या दिवशीही तेच. त्या दिवशी तर तिने फटीतून अशी चोच मारली की बांबूच हातातून सुटला. मला घास उतरेना. मी मुखाने देवीचं नाव घेत होते आणि मनात त्या बेहड्याखाली उभी होते.

आये हे सगळं बघत होती. तिसऱ्या सकाळी भावजी बांबू उचलून निघाले तशी ती पडवीत गेली, खुंटीवरची चोच काढली आणि त्यांच्यापुढे धरली.

"परक्या हातचा ती कित्याक खायत? तू खाशीत? ही घे. तिच्या घोवाची आसा."

भावजींनी ती हातात घेतली. मग उंबरठ्यावर बसले आणि ती काथ्याने बांबूच्या टोकाला घट्ट बांधली. टोकात एक पिकलेलं फळ बसवलं.

ते धावत आले तेव्हा मी जेवायला बसले होते. अंगणातूनच ओरडले, "घेतल्यान! वयनी, घेतल्यान गो! एकामागसून एक. माझो हात दुखाक लागलो तरी तिचा पोट भरना नाय!"

"बरा झाला," आये आतून म्हणाली. "आता तरी हिच्या पानातलो भात हलात."

तेव्हापासून भावजींना तोच धंदा लागला. सकाळी वडाखाली फळं वेचायची, संध्याकाळी उंबर, मधेच एखादा सरडा. आतून पिल्लाचा आवाज यायला लागला तसे सरडे वाढले. "तुका मेथीचे लाडू, तिका सरडे," मला म्हणायचे. "कोणाक काय सोसात ता देव जाणे. बदलून मात्र घेव नको."

गावात चेष्टा झाली. वाटेत माणसं विचारत, "काय रे बाबल्या, घोव झालस मरे गरुडणीचो? लगीन कधी लावलंस?" भावजी म्हणत, "लगीन नाय, नुसतो संसाराचो त्रास."

माझं पोट दुखायला लागलं ती सकाळची वेळ होती. भावजी धावत जाऊन हौसाबाई सुईणीला घेऊन आले. मग पुरुषाला करण्यासारखं काही नव्हतं. ते अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. आत मी मागच्या खेपेच्या भीतीने घट्ट झाले होते. हौसाबाई पोट चोळत होती आणि म्हणत होती, "सैल सोड गो, सैल सोड, माझ्याशी झुंजतंस कित्याक?" मला काही सैल सोडता येईना.

तेवढ्यात आये उठून दारात गेली. बाहेर बघून तिने असा आवाज लावला की सगळ्या वाडीला ऐकू गेला. "रे बाबल्या! हय काय वावरतंस? थय ती उपाशी आसा मां? जा, तिका घाल आधी!"

मला कळा येत होत्या तरी हसू आलं. हौसाबाईही हसली. कुणाला खरं वाटो न वाटो, त्या हसण्यात माझं अंग सुटलं. सूर्य माथ्यावरून कलायच्या आत मुलगी झाली, आणि झाली ती रडतच. आयेने तिला हातात घेतलं आणि भगवतीच्या देवळाच्या दिशेला तोंड करून तशीच उभी राहिली. किती वेळ ते मला माहीत नाही, मी डोळे मिटले होते.

भावजी राईतून आले तेव्हा त्यांना आयेने दारातूनच सांगितलं, "चेडू झाला. तुझ्यासारखाच बोंबलता."

मी बाळंतिणीच्या खोलीत असताना आभाळ भरायला लागलं. भावजी रोज जात होते. मृगाच्या तोंडावर एकदा आयेही त्यांच्याबरोबर गेली, कशाला ते सांगितलं नाही. परत आली ती थेट माझ्या खाटेशी. "दार फोडल्यान," म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत. कडक लिंपण, पण फोडल्यान. भायर येवन फांदयेर बसली. नवी पिसां, नव्या लुगड्यासारखी. मागसून एक पिल्लू. दुसरा नाय. दोन होती काय एक, देवाक ठावक."

"उडली?"

"आधी पडात असा वाटला. मगे उडली."

त्याच संध्याकाळी आयेने सांगितल्यावरून भावजींनी बांबूवरची चोच सोडवली आणि तळ्यात सोडली.

सव्वा महिना झाल्यावर मी मुलीला घेऊन देवीची ओटी भरायला गेले. आये आणि भावजी बरोबर होते. ओटी भरून बाहेर आले तर देवळापलीकडच्या वडावर ती बसलेली, शेजारी पिल्लू. पिल्लाला अजून फळ धड तोडता येत नव्हतं. तोडलेलं खाली पडायचं आणि ते खाली बघत बसायचं. मग आई तोडून द्यायची. भावजी माझ्यामागे सरकले.

"कित्याक लपतास?" मी विचारलं.

"वळाकतली माका."

"वळाकांदे मगे."

"काय म्हणान वळाकतली, वयनी?" त्यांचा आवाज इतका हळू होता की मला वळून बघावं लागलं. "मारणारो म्हणान, काय भरवणारो म्हणान?"

ते सांगण्याचा अधिकार माझा नव्हता. मी मुलीला त्यांच्या हातात दिलं. ते तिला धरून बराच वेळ उघड्यावर उभे राहिले. वरची आई आपलं काम करत होती. तिने एकदा मान वाकडी करून खाली पाहिलं आणि पुन्हा फळ तोडायला लागली.

बंदूक त्यानंतरही डुकरांवर चालली. शेती राखायची तर चालणारच. पाखरावर मात्र नाही. दुसऱ्या वर्षी ती गरुडण नवीन जोडीदार घेऊन आली, निदान भावजींचं म्हणणं तसं. पाखरं एकसारखी दिसतात, मी शपथ घेणार नाही. पण बेहड्याची ढोली पुन्हा लिंपली गेली, आणि लांबूनच बघायचं, हा नियम भावजींनी साऱ्या गावाला लावला. पाव्हण्यालाही तोच.

ओटी भरली त्या दिवशी घरी निघताना मला वाटलं, आणखी एकदा आत जाऊन यावं. मागायचं काही राहिलं नव्हतं. मी परत गाभाऱ्यासमोर जाऊन हात जोडले. शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिल्याचं जाणवलं. भावजी होते, खांद्याशी धरलेली माझी मुलगी. एरवी शिकारीचा हात म्हणून ते देवळाच्या पायरीवरूनच नमस्कार करून परतायचे. मी पुजाऱ्याला हाताने खूण केली, आणि त्याने भावजींच्या हातावर तीर्थ घातलं.